विश्वासू साथ

गतवर्षी तैवानातील ताइनानच्या मंदिरात, माझू देवीच्या जन्मोत्सवात, साथ देणारा माझा संगणक पत्नीच्या भर गाण्यात बंद पडला. लज्जेने मी मान वर केली नाही. यंदा दोन संगीतप्रणाली महिनाभर पारखल्या.

“नवीत शंभर वाद्यं आहेत,” मी पत्नीस म्हणालो.

“आणि सारखी रुसते. अहो, देवीला एक गाणं तरी साथीसकट पुरं ऐकवू द्या मला,” सिओक-हुन म्हणाली.

साधी प्रणाली निवडली. संगणकाने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्यावर इथल्या प्रथेप्रमाणे कुरकुऱ्यांची हिरवी पुडीही ठेविली. सर्व निर्विघ्न चालले. शेवटच्या गाण्याआधी श्रोत्यांतल्या ग्वात आजी मंचाशी आल्या.

“काय रे, यंदा बंद नाही का पडत? मागल्या साली आम्ही बायांनीच टाळ्यांचा ठेका धरून हिचं गाणं तडीस नेलं. आज तर सराव करून आलोय.”

त्या विश्वासू प्रणालीस मी स्वहस्ते विश्रांती दिली.