न संपणारा डबा

परीक्षा विभागातल्या नम्रताचा डबा टेबलावर फिरू लागला, तेव्हा दीड वाजला होता. डबा चमत्कारी, पैजेवर सांगतो. चौघींपुरती भाजी घेऊन रोज घोडपदेवहून निघायचा, परळमधल्या एका विद्यापीठात सगळ्या जणींच्या हातून फिरायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना भाजी उरलेलीच. अकरा वर्षं झाली. असं भांडं पुराणातसुद्धा एखादंच.

आज जेवता जेवता फॉर्मही भरायचे होते. विद्यापीठात जातीय समता आहे की नाही, कर्मचाऱ्यांना काय वाटतं, असा तो फॉर्म. कालच वाटलेला. नाव लिहायचं नव्हतं. सुभद्राताई अधीक्षक, म्हणून त्या मोठ्याने वाचत होत्या.

“प्रश्न सातवा. आपल्या विभागात जातीवरून भेदभाव होतो का? घ्या! आपण एका टेबलावर जेवतो की नाही?”

“एका टेबलावर काय, एकमेकींच्या डब्यातलं जेवतो,” रुपाली म्हणाली.

“मग लिहा, नाही. नम्रता, तूही लिहून टाक गं. तू तर आमच्यातलीच वाटतेस.”

नम्रता हसली. डबा सुभद्राताईंकडून रुपालीकडे, रुपालीकडून आकांक्षाकडे गेला होता. आकांक्षा नवीन, पंधरा दिवसांची. तिचं बोट झाकणावर गेलं. नम्रता त्या बोटाकडे बघत राहिली.

आकांक्षाने रुपालीकडे पाहिलं. मग डबा पुढे सरकवला.

आज तो नेहमीपेक्षा हलका होता. कुणाच्या हाताला तेही कळलं नाही.

“ताई, भाजी कशी झालीय?” नम्रताने विचारलं.

“एक नंबर! तुझ्या हाताला चवच आहे.”

“थोडी तिखट झालीय, पण मस्त,” रुपाली म्हणाली.

आकांक्षा खाली मान घालून जेवत राहिली.

नम्रताने झाकण काढलं. आत भाजी नव्हती. चार घड्या घातलेला फॉर्म होता, सातवा रकाना कोरा. एकीने तरी उघडून बघितलं, तर तिथे ‘नाही’ लिहायचं, असं सकाळी डबा भरताना तिने ठरवलं होतं. अगदी मनापासून लिहायचं.

तिने घड्या उलगडल्या आणि पेनचं टोपण काढलं.

संध्याकाळी डबा घोडपदेवला गेला, तो अकरा वर्षांत पहिल्यांदाच रिकामा.