कापोकची उशी

आईचं पोतं अर्ध्याच्या वर भरलेलं बघून लेनी चढ धावतच चढली.

नामाक्वालँडच्या त्या उतारावर, पांढऱ्या वाळूत, कापोकची झुडपं गुडघ्याएवढी वाढली होती. चार-दोन झुडपांवर इवली पांढरी फुलं अजून टिकून होती. बाकीच्यांची बोंडं फुटून कापूस बाहेर आला होता, मेंढ्यांचा कळप अंग घासून गेल्यासारखा. लेनीची सत्तर वर्षांची आई, द्रीका, उन्हाची टोपी हनुवटीखाली बांधून चिमटीने तो कापूस वेचत होती. वेचताना गात होती. लेनीला तेच सहन होईना.

गावात कापोक आता एकाच कामासाठी वेचतात. झोपायला सगळ्यांकडे शहरातल्या स्पंजाच्या उशा आल्या. कापोकची उशी शवपेटीत डोक्याखाली जाते, आणि ती ज्याने त्याने जिवंतपणी आपल्या हाताने भरायची असते. उशी भरत नाही तोवर वरचं बोलावणं येत नाही, असं जुनी माणसं मानतात. चार वर्षांपूर्वी लेनीच्या वडिलांनी अशीच उशी भरली, तिला शेवटचा टाका घातला आणि आठवड्यात गेले.

काल शेजारच्या सूस्काचा फोन आला होता. "लेनी, तुझ्या आईने कोंबड्या वाटून टाकल्या. घराला चुना लावला. पाद्रीबाबांकडे दोनदा जाऊन आली, दार लावून बोलली. आणि आज अपोल्स सुतार येऊन तिचं माप घेऊन गेला. डोक्यापासून टाचेपर्यंत!"

गावातल्या सगळ्या शवपेट्या अपोल्सच्या हातच्या. लेनीने मासळीच्या कारखान्यातून सुट्टी घेतली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली. वाटभर तिने एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

"कोंबड्या का दिल्यास?" तिने उतारावर पोचताच विचारलं.

"आता मला काय करायच्यात?" द्रीका म्हणाली. "आणि तू अशी न सांगता कशी आलीस? जेवलीस का?"

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"डॉक्टरकडे? मला काय धाड भरलीय?"

"मग हे काय आहे?"

"कापोक आहे. शहरात राहून झुडूपसुद्धा विसरलीस?" द्रीकाने हात पुढे केला. बोटांना झुडपाचा उग्र, गोड वास येत होता. "बस जरा. त्या फडक्यात निखाऱ्यावरची भाकरी आहे, ती खा. मग तुला एक गोष्ट सांगायचीय. कशी सांगू, तेच कळत नाहीये."

"मला काही सांगू नकोस!"

लेनीने पोतं उचललं आणि उलटं केलं. समुद्राकडून वारा येतच होता. सगळा कापूस एका झपाट्यात उडाला, झुडपांवरून, वाळूवरून, त्या दोघींच्या डोक्यांवरून. कुठून कोण जाणे, चिमुकले पक्षी आले आणि घरट्यांसाठी हवेतले पुंजके चोचीत धरून पळाले.

"अगं कार्टे! तीन दिवसांची वेचणी होती ती!"

"असू दे! तू रोज वेच, मी रोज उधळीन. बघते कशी भरतेस उशी. बघते मला सोडून कशी जातेस!"

द्रीका तिच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ती मटकन वाळूत बसली आणि पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. लेनीला आईचं डोकंही फिरलंय असं वाटलं, आणि ती रडायला लागली.

तेवढ्यात खालून गाढवाची गाडी कुरकुरत आली. गाडीत फळ्या होत्या आणि पुढे अपोल्स बसला होता. लेनी धावत गेली आणि तिने गाढवाचं दावं धरलं.

"काका, काही वाटतं का तुम्हाला? चालत्या-बोलत्या बाईचं माप घेता?"

अपोल्सने टोपी काढली. केस पाणी लावून विंचरलेले होते. त्याने द्रीकाकडे बघितलं. "तू हिला सांगितलं नाहीस?"

"हिने तोंड उघडू दिलं तर ना!"

"काय सांगायचं होतं?" लेनीने विचारलं.

अपोल्सने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी तिचं माप घेतलं, मग तिने माझं घेतलं. शवपेटी नाही, पोरी. पलंग आहे. माझा जुना एकट्यापुरताच आहे. आणि तुझ्या आईला त्या स्पंजावर झोप येत नाही, म्हणून उशा ती कापोकच्या भरणार होती. शनिवारी पाद्रीबाबा तिच्याच घरी आमचं लग्न लावतील, मग ती माझ्याकडे राहायला येईल; कोंबड्या माझ्याकडे आहेतच. म्हणजे, तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर फळ्या आत्ता परत नेतो."

द्रीकाचं हसू थांबलं होतं. ती झग्याच्या काठाला चिकटलेला कापूस एकेक करून काढत होती. मान वर करत नव्हती. सुरकुतलेला चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

लेनीने नाक पुसलं, ती गाडीशी गेली आणि आडव्या फळीवर वितीने मोजू लागली.

"रुंदी किती धरलीय?"

"चार फूट," अपोल्स घाबरत म्हणाला.

"पाच करा, काका. आई झोपेत लाथा मारते."