मागच्या सीटखाली

"बोटभराची काडी, आन् सकाळधरनं दोन बाप्ये पोटाखाली लोळत्यात," गोजरबाई चहाचे कप ठेवताना पुटपुटली.

पोट विमानाचं. मिलमध्ये फिटर असलेल्या तिच्या नवऱ्यानं, मानसिंगनं, ते घरामागच्या शेडमध्ये बांधलं होतं. पंखांचं कापड कितीतरी उन्हाळे तिनं हातानं शिवलं. आता ट्रान्सपाँडरचा बोटभर अँटेना तेवढा राहिला होता. तो बसला की जमिनीवरच्या रडारला विमान ओळखू येणार होतं.

"चाकाजवळ न्हाय जमायचं, चाक आड येतंय," धाकटा दीर रावजी म्हणाला.

"मग शेपटीकडं?"

"वायर लई लांबती, दादा. राहता राहिली मागच्या सीटखालची जागा. पर पुस्तकात लिवलंय, अँटेनाच्या लहरी लागत्यात, त्याच्यावर माणूस बसवू नये."

मागची सीट गोजरबाईची. पहिला पत्रा कापला त्या दिवशीच ठरलेलं.

दोघं तिच्याकडं न बघता पुन्हा चाकाकडं वळले, मग पुन्हा शेपटीकडं. एवढा घोळ आपल्यासाठी घालतायत म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं. कप द्यायला ती खाली वाकली. मागच्या सीटखाली पत्र्याला अँटेनापुरतं भोक पाडलेलं होतं. पत्रा कापला की कडेला रंग लावायचाच, ही मानसिंगची मिलमधली सवय. तिनं बोट लावून पाहिलं. रंग कधीचाच वाळला होता.

"वहिनी, चहात साखर जरा..." रावजी चाचरला.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मला न्ह्यायचंच न्हाय, असं सरळ म्हना की."