कणकेची खळ

वारण्याच्या आदल्या सकाळीही उदयसिंहरावांनी मुलीची रोजचीच थट्टा केली. "चा मूक गं, विंचवीणबाई!"

एकाहत्तरच्या युद्धात, ब्लॅकआउटच्या रात्री संयोगिता जन्मली आणि तिची आई गेली. "वृश्चिक रास! जन्मताच आईला नांगी मारली," असं ते पाहुण्यांनाही हसत सांगत. संयोगिताने गॅसवर चहा ठेवला.

बाबांच्या तेराव्यानंतर स्वयंपाकघरात आंबलेल्या खळीचा वास येऊ लागला. खिडकीच्या काचेवर काळा कागद चिकटवलेला होता. तरसालीतला हा फ्लॅट तर युद्धानंतर वीस वर्षांनी बांधलेला.

तिने कागद खरवडला. ओली, बुळबुळीत कणीक नखांत शिरली. ती मागे वळली, तर बैठकीतल्या काचाही काळ्या झाल्या होत्या.

बाबांच्या बंद खोलीतून कागदावर तळवा फिरवल्याचा आवाज येत होता. सावकाश, एकेक सुरकुती काढत.

ती दाराशी गेली.

"आईला माझ्या राशीने नाही नेलं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "आत्याने सांगितलंय मला. आई ओरडत होती, आणि तुम्ही डॉक्टरांना आणायचं सोडून खिडक्यांना कागद चिकटवत बसलात."