भोंग्याचं तोंड

येडशीत मुलींचा पहिलाच क्रिकेट सामना होता, पण बघायला कुणीच आलं नव्हतं.

"माईक बंदच ठेवू का, कप्तान?" आयोजक उत्कर्षनं विचारलं.

गावच्या संघाचे जुने कप्तान बलभीम आता समालोचन करत. ते म्हणाले, "भोंग्याचं तोंड गावाकडं फिरव."

मग प्रत्येक फटक्याला त्यांनी पोरीच्या आईचंही नाव घेतलं. "मथुराबाईच्या सृष्टीचा चौकार! म्हाळसाबाईच्या मोनिकाचा षटकार!"

भोंग्यावर आपलं नाव ऐकून एकेक बाई हातातलं काम टाकून आली. मैदान भरलं.

"आता भोंगा इकडं वळवू?"

"न्हाय!" म्हणत बलभीम माईकवर गरजले, "म्हाळसाबाईच्या मोनिकाचा अजून एक षटकार!"

मोनिका तर कधीच बाद होऊन, आईसाठी घराच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती.