एका मताचा निकाल

दुसऱ्यांदा मोजलं तरी आकडा तोच आला. होय तीनशे अठरा, नाही तीनशे सतरा.

अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये मतमोजणी संपली. मग 'होय'च्या बाजूने लढलेले दातांचे डॉक्टर केसलर पुढे आले. येत्या आठवड्यापासून नॉरडाल गावच्या नळाच्या पाण्यात, दात किडू नयेत म्हणून, फ्लोराइड पडणार होतं. ते पडू नये म्हणून आठ महिने दारोदार फिरलेल्या थोरा हाउगनने त्यांच्याशी हात मिळवला, अभिनंदन केलं आणि कोटाची बटणं उलटसुलट लावून ती बाहेर पडली.

"आपल्यातलाच कोणीतरी फुटला," तिच्या गटातला न्हावी म्हणाला. "सापडू दे, कानच कापतो त्याचा."

आयव्हर टोलेफसनने टोपी कानांवर ओढली.

फुटलेला तोच होता. थोरा आणि तो लहानपणी एका वर्गात होते. आता ती विधवा, तो विधुर. तिच्या प्रचाराच्या पाट्या त्यानेच रंगवल्या, त्यानेच खांबांवर ठोकल्या. पण मतदानाच्या पडद्याआड पेन्सिल हातात घेतली आणि त्याला नात आठवली. सहा वर्षांच्या लेनाच्या तीन दाढा काढताना त्यानेच तिला मांडीवर धरलं होतं. किंचाळून किंचाळून पोर त्याच्या छातीवरच झोपली होती. पेन्सिल 'होय'वर गेली.

पुढच्या शनिवारी तो थोराच्या दारात उभा राहिला. हातात दुधाचा मोठा कॅन होता, काठोकाठ भरलेला.

"दूध कोण पिणार एवढं?" थोराने विचारलं.

"दूध नाही. माझ्या विहिरीचं पाणी आहे. नळाचं घशाखाली उतरणार नाही म्हणालीस ना तू?"

थोरा काही बोलणार होती. मग तिने त्याच्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. "बूट पुसून ये. कॉफी ठेवते."

तेव्हापासून शनिवार चुकला नाही. बर्फात त्याने कॅन घसरगाडीवर ओढत आणला, गवतकापणीच्या दिवसांत अंगाला काड्या चिकटलेल्या असतानाच आला. ती वेलदोड्याचा पाव भाजून ठेवायची. गावातले लोक त्याला छेडायचे, "काय आयव्हर, पाणी पोचवतोस की पत्रं?"

कधी कधी केसलरही डोकावत. "थोरा, मुलांचे दात किडणं कमी झालंय, मान्य करा आता."

"दाताचं मान्य. पण आयुष्यभर प्यायल्यावर हाडांचं काय होतं? बघितलंय कोणी?"

"बघतायत. मोजून-मापून घालतो आम्ही."

"मग तेही मोजा आणि मला आणून दाखवा. पाव घ्या."

डॉक्टर पाव घ्यायचे. आयव्हर मान खाली घालून कॉफी ढवळत बसायचा. ढवळायला कपात साखर नसायची.

सात वर्षं गेली. एका शनिवारी तो न्हाव्याकडे जाऊन, दाढी करून आला. अंगावर चर्चला जायचा कोट होता.

"कोण गेलं?" थोराने घाबरून विचारलं.

"कोणी नाही. तुला एक विचारायचंय."

"मग विचार की. उभा का?"

लग्नाचंच विचारायचं होतं. वाटेत चार वेळा शब्द घोकले होते. पण समोर तिचा तो सरळ, साधा चेहरा पाहिला आणि त्याच्या तोंडून वेगळंच निघालं.

"त्याआधी एक सांगायचंय. ऐकून हाकलून दिलंस तरी चालेल. ते एक मत, थोरा... ते माझं होतं. पाट्या ठोकल्या आणि आत जाऊन 'होय' केलं. लेनाचं रडणं आठवलं गं. तुझी आठ महिन्यांची मेहनत मी एका रेघेत घालवली."

थोरा खुर्चीवर बसली. टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली.

"सात वर्षं हे पोटात ठेवलंस?"

"हो."

"आणि म्हणून पाणी?"

"सुरुवातीला म्हणून. नंतर... तुझ्यासाठी."

तिने डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. ती रडतेय असं वाटून तो टोपी शोधू लागला. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"बस खाली, वेड्या. मला राग कशाचा होता? सभेत बसून चार माणसांनी माझ्या पेल्यात काय घालायचं ते ठरवलं, याचा. न विचारता घातलं असतं, तर मी मरेपर्यंत भांडले असते. पण मतदान झालं. त्यांनी विचारलं. पडद्याआड एकटी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदाच मी शांतपणे विचार केला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आयव्हर. दात ठणकतो म्हणून गालाला फडकं बांधून बसलेली पोरं किती पाहिली असतील मी? पहिल्या शनिवारी तुला सांगणारच होते, तर तू दारात कॅन घेऊन उभा!"

आयव्हर खुर्चीवर टेकला.

"आपल्यातला एक नाही रे," थोरा म्हणाली, "दोघं फुटले होते."