बोटभर जास्त

आजारपणात म्हाताऱ्या सुताराचे पाय गेले, पण हिशेबाचा हट्ट काही गेला नाही. चारी बाजूंना उतरणाऱ्या छपराला कोपऱ्याचे वासे सगळ्यात अवघड. त्यांची लांबी तो खाली खुर्चीत बसून तोंडी काढायचा आणि लेक वासे कापून वर चढवायची. आता बाबांच्या डोक्याचा काय भरवसा, म्हणून ती प्रत्येक वासा गुपचूप बोटभर लांब कापायची. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही. वर गेल्यावर जास्तीचा तुकडा छाटला की बाबांचंच माप बरोबर निघायचं.

आज मात्र वासा आढ्याला तसाच चपखल बसला. छाटायला काही उरलंच नाही. म्हणजे बाबांचा हिशेब बोटभर चुकला होता.

"बसला का गं?" खालून आवाज आला.

"बसला, बाबा. तुमचं माप कधी चुकलंय का?" तिने आवाज सांभाळत म्हटलं.

"मागच्या घराला तू छाटलेले तुकडे माझ्या पायाशीच पडत होते, पोरी," म्हातारा हसला. "म्हणून या वेळी मीच बोटभर कमी सांगितलं."